गावातील सामाईक टॅबलेट : एकाच कामाला उघडा, बाकीच्यांना बंद

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक व कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या विषयाचा व्याख्याता. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण हे माझे नेहमीचे विषय. मी आज टॅबलेटवर बोलायला उभा आहे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु हवामानाचा अंदाज, पीक सल्ला, बाजारभाव हे सर्व आता पडद्यावर येते. तो पडदाच वेळेला चालला नाही, तर आम्ही दिलेला सल्ला आपल्या बांधापर्यंत पोहोचतच नाही.

द्राक्षपट्ट्यातील एका गावात गटाच्या कार्यालयात भिंतीवर टॅबलेट बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. येता-जाता सभासदांनी पावसाचा अंदाज पाहावा आणि फवारणी ठरवावी, एवढाच हेतू. पहिले पंधरा दिवस बरे गेले. पुढे शाळा सुटली की मुले तेथे क्रिकेटचे व्हिडिओ पाहू लागली आणि दिवसाचा डेटा सायंकाळच्या आतच संपू लागला. एका सायंकाळी एक बागायतदार अंदाज पाहण्यास आले, तेव्हा पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. बाग फुलोऱ्यात, केवड्याची भीती. त्यांनी वाट न पाहता फवारणी केली. रात्री पाऊस झाला. औषध, डिझेल, मजुरी सगळे धुऊन गेले. नंतर मी टॅबलेट तपासला, तर त्यात सभासदांच्या आधार कार्डांचे आणि बँक पासबुकांचे फोटो तसेच पडून होते. अर्ज भरताना कोणीतरी काढलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ते पाहता आले असते. यात दोष मुलांचा नाही. टॅबलेट खोक्यातून निघाला तसाच मी भिंतीवर लावून दिला होता.

आपण दारे धरतो तेव्हा एका सरीला पाणी द्यायचे असेल, तर बाकीच्या सऱ्यांची तोंडे बांधून घेतो. येथेही तेच करावयाचे आहे.

सर्वप्रथम टॅबलेटवर कोणते काम चालणार ते कागदावर लिहावे. हवामान व पीक सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ हे ॲप २०१९ पासून उपलब्ध आहे. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला त्यावर पाहता येतो. त्याच्या जोडीला बाजारभावाचे एक पान ठेवावे. दोन-तीनपेक्षा अधिक कामे एका टॅबलेटवर घालू नयेत. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ मात्र भिंतीवर लावून उपयोग नाही. आपण रानात असताना ते आपल्या खिशातल्या फोनमध्येच हवे.

दुसरी गोष्ट खात्याची. पुष्कळ ठिकाणी टॅबलेट सुरू करताना जो कर्मचारी हजर असेल, त्याचेच गूगल खाते टाकले जाते. तो नोकरी सोडून गेला आणि पुढे कधी टॅबलेट बिघडला म्हणून बटणे दाबून मूळ स्थितीत आणला, तर तो जुने खाते आणि त्याचा पासवर्ड मागतो. चोरीपासून संरक्षण म्हणून केलेली ही सोय २०१५ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये आहे. पासवर्ड मिळाला नाही, तर टॅबलेट निकामी. म्हणून कंपनीच्या नावे स्वतंत्र खाते काढावे. पासवर्ड बंद पाकिटात घालून ठरावाच्या वहीबरोबर कपाटात ठेवावा. सिमकार्डही कंपनीच्या नावे असावे. मात्र त्याचा क्रमांक बँकेच्या खात्याला जोडू नये, नाहीतर ओटीपी भिंतीवरच्या पडद्यावर सर्वांसमोर उमटेल.

आता कुलपाकडे येऊ. कुलपे दोन प्रकारची आहेत, एक कडी लावण्यासारखे आणि दुसरे खरे.

कडीसारखी सोय २०१४ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये मिळते. सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘ॲप पिनिंग’ असते. काही जुन्या टॅबलेटवर त्याला ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात. ते चालू करावे आणि सोडवताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू करावा. नंतर हवे ते ॲप उघडून, अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीत जाऊन, त्याच्या चिन्हावर बोट ठेवून ‘पिन’ निवडावे. आता दुसरे ॲप उघडत नाही. पण ही सोय एकाच ॲपपुरती आहे, आणि टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला की ती निघून जाते. लोडशेडिंगमध्ये बॅटरी उतरून टॅबलेट बंद पडला, तर सकाळी कोणीतरी पुन्हा पिन लावावी लागते. मेळाव्यातील एखाद्या दिवसाच्या प्रदर्शनाला एवढे पुरे. आयपॅड असल्यास ‘गाइडेड ॲक्सेस’ नावाची अशीच सोय ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मिळेल.

कायम लावायच्या टॅबलेटला मात्र खरे कुलूप हवे. त्यासाठी किऑस्कचे किंवा उपकरण नियंत्रणाचे ॲप घ्यावे लागते आणि त्याला संपूर्ण टॅबलेटचा अधिकार द्यावा लागतो. हा पूर्ण अधिकार कोऱ्या टॅबलेटवरच देता येतो. म्हणून आधी टॅबलेट मूळ स्थितीत आणावा, आणि स्वागताचा पहिला पडदा आला की कोणतेही खाते न टाकता त्याच पडद्यावर एका जागी सहा वेळा टिचकी मारावी. क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो. ॲपवाल्यांनी दिलेला क्यूआर त्यास दाखविला की पुढची मांडणी सुरू होते. त्यात परवानगी दिलेल्या ॲपची यादी भरता येते, सेटिंग्ज बंद ठेवता येतात, आणि टॅबलेट पुन्हा चालू झाला तरी थेट आपलाच पडदा येईल अशी व्यवस्था करता येते. बाजारभावाच्या पानाकरिता साधा ब्राउझर देऊ नये. ठरलेल्या पत्त्याबाहेर न जाणारा आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही की आधीची माहिती पुसून पहिल्या पानावर येणारा ब्राउझर द्यावा. कॅमेरा बंदच ठेवावा. सभासदांच्या कागदपत्रांचे काम कार्यालयातील संगणकावर करावे.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ही चूक सर्रास दिसते. टॅबलेट रात्रंदिवस चार्जरला जोडलेला, वर पत्र्याचे छप्पर आणि समोरून उतरतीचे ऊन. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता ही दोन्ही एकत्र सोसत नाहीत. ती लवकर म्हातारी होते, प्रसंगी फुगते आणि काच उचलली जाते. टॅबलेट सावलीच्या भिंतीवर, मागे हवा खेळेल असा लावावा. काही टॅबलेटमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते, ती चालू करावी. नसल्यास टायमरचा सॉकेट लावून दिवसात ठराविक वेळच वीज द्यावी. पाठ फुगलेली दिसली की लगेच वापर थांबवावा, टॅबलेट दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये.

कुलपाचा पिन दोघांकडेच असावा, एक कर्मचारी आणि एक संचालक. तो भिंतीवर पेन्सिलने लिहू नये. हसू नका, मी लिहिलेला पाहिला आहे. अद्ययावत करण्याचे काम आठवड्यातून एकदा, कार्यालय बंद असताना करावे. त्यानंतर प्रत्येक ॲप उघडून पाहावे.

आता समोरच्या टेबलावर दोन टॅबलेट ठेवले आहेत. एकावर पिन लावून दाखवितो आणि दुसरा कोरा करून आपल्यापैकीच कोणी तरी पुढे येऊन मांडावा. ज्यांनी आपल्या कार्यालयातील टॅबलेट सोबत आणले आहेत, त्यांनी ते कोरे करण्यापूर्वी आतले कामाचे फोटो व याद्या पेन ड्राइव्हवर काढून घ्याव्यात, आणि जुन्या खात्याचा पासवर्ड आठवतो की नाही हे आधी तपासावे. आठवत नसेल, तर आज टॅबलेटला हात लावू नये. ज्याचे खाते आहे त्याला आधी गाठावे.