वळणावरचा दोर

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळताना तुम्ही पाहिला असेल. ट्रॅक्टर मोठा वळसा घेतो, पण मागची ट्रॉली आतून, जवळच्या वाटेनं येते. म्हणून कोपऱ्यावरचा माणूस आधीच बाजूला सरकतो. पाण्याखालीही हेच घडतं. फक्त तिथं मागच्याला खाली जायलाही वाट असते.

८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचं एमएच-३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसं झालं. त्यांत पाच भारतीय होते. मग ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली दक्षिण हिंदी महासागराचा तळ धुंडाळला गेला. जहाजामागं १० किलोमीटरपर्यंत लांब केबल आणि तिच्या टोकाला सोनार यंत्र. खलाशी त्याला 'टो-फिश' म्हणतात, म्हणजे ओढून न्यायचा मासा. हा मासा तळापासून साधारण १०० मीटर वर ठेवायचा आणि ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढायचं.

जहाज सरळ चालतं तेव्हा पाण्याचा रेटा केबलला मागं लोटतो, वजन तिला खाली खेचतं. दोहोंचा तोल साधला की मासा ठरल्या खोलीवर राहतो. जहाज वळलं की मासा आतलं, लहान वर्तुळ धरतो. तेवढ्याच वेळात कमी अंतर कापायचं, म्हणून त्याचा वेग घटतो. वेग घटला की रेटा घटतो, केबल उभी होऊ लागते आणि मासा खाली बसतो. केबलच्या मानानं वळण फारच लहान असेल, तर तो वर्तुळाच्या मध्याजवळ जाऊन लोंबकळतो. म्हणून केबल आधी गुंडाळून घ्यायची, वळण ऐसपैस घ्यायचं, सरळ झाल्यावर ती पुन्हा सोडायची. यात तासन् तास जातात.

तळाशी गाठ पडली तर काय होतं, ते जानेवारी २०१६ मध्ये दिसलं. एक मासा २,२०० मीटर उंचीच्या चिखलाच्या ज्वालामुखीवर आदळला आणि साडेचार हजार मीटर केबलसह तुटून तळाशी गेला. पुढं तो वर काढला. १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहून जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला. विमान सापडलं नाही. २०१८च्या शोधात केबल नसलेली, स्वतः फिरणारी यंत्रं उतरली. त्यांनाही ते मिळालं नाही.

मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. घरी आम्ही 'इंतजार' म्हणतो, लिहिताना मी 'वाट पाहणं' लिहितो. मराठी शब्दात वाट आहे, आणि वाटेला वळणं असतात. किनाऱ्यावरच्या आप्तांना एकेक तास जड जातो, हे जहाजावरच्यांना का कळत नसेल? तरीही वळणावर त्यांना घाई करता येत नाही. घाई केली, तर शोधणाऱ्यालाच शोधत बसावं लागतं.