वेग असावा, घाई नसावी



आता हर्सूलला येताना जळगाव रोडवर आमच्या पुढं एक स्पोर्ट्स कार होती. लाल रंग, जमिनीला टेकलेली, आवाज वाघाचा, आणि चाल? बैलगाडीची! दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल तिला मागं टाकून भुर्रकन निघून गेली. आमचा मृदंगवाला म्हणाला, "महाराज, एवढे पैसे घातले आणि चालवतो असा?" तुम्ही हसलात. पण प्रश्न मोठा आहे बरं का. ज्याच्याकडं वेग आहे, तो हळू का चालतो?

पहिलं कारण भीती. आपल्या नेहमीच्या गाडीचं पोट रस्त्यापासून सतरा-अठरा सेंटिमीटर वर असतं. या गाडीचं दहा-बारा. आणि नियमानं बांधलेला गतिरोधकच 10 सेंटिमीटर उंच! गावातले तर नियम विचारून बांधलेले नसतात. टायर पातळ, खड्ड्यात आदळला की रिम वाकते. म्हणजे मालक गाडीत बसलाय खरा, पण गाडीच त्याच्या डोक्यावर बसली आहे. सांभाळायचं कोणी कोणाला, हेच कळेना!

दुसरं कारण, लोकांनी बघावं. सुसाट गेला तर बघणार कोण? 2010 च्या ऑक्टोबरात आपल्या शहरानं, तेव्हाच्या औरंगाबादनं, एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींची खरेदी. देशभर बोलबाला झाला. आपल्या गावाचं नाव व्हावं ही त्यात भावना होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण माउली, माणसानं आपला मान गाडीवर टांगला, की गाडी जुनी झाल्यावर मानही जुना होतो. मग पुन्हा नवी गाडी. याला शेवट नाही.

तिसरा मालक वेगळा. त्याला गाडी कळलेली असते. थंड इंजिनाला तो जोर देत नाही. तेल गरम होऊ देतो. त्याला ठाऊक असतं, ही तीन-चार सेकंदांत शंभरचा वेग घेते. इथं सावंगीजवळून समृद्धी महामार्ग जातो, तिथं मोटारीला 120 ची मर्यादा. त्या वेगाला ही गाडी नुसती जांभई देते. मग सिद्ध करायचं काय? आणि कोणापुढं? वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, हेही त्याला ठाऊक असतं. तो हळू चालतो तो भीतीनं नाही, मानासाठी नाही, जाणून चालतो.

मी हे उगाच सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कीर्तनाला उशीर झाला होता. साधीच गाडी, पण नव्वदनं हाणली. एका वस्तीपाशी हंडा घेतलेली पोर रस्त्यात आली. करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर जागा होती. हंडा फुटला, पोर वाचली. तिनं माझ्याकडं जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. कीर्तनाला मी वेळेवर पोचलो हो, पण तोंडात नाम येईना. कोणाकडं निघालो होतो मी एवढ्या घाईनं? पांडुरंग तर विटेवर उभाच आहे! तो कुठं निघून जाणार होता?

वारीतला माउलींचा अश्व आठवा. कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतो. रिंगणात सुटला की नजर ठरत नाही. टापांखालची माती कपाळी लावायला आपण धावतो. पण रिंगण किती वेळाचं? बाकी सगळी वाट तो दिंड्यांच्या पुढं, म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पावलानं चालतो. अंगात वारा आहे, तरी टाळाच्या ठेक्यावर चालतो. त्याचा वेग कमी झाला का? नाही. वेग त्याच्या ताब्यात आला.

तुमच्याकडंही अशी गाडी आहे. कोणाची जीभ वेगवान, कोणाचा राग, कोणाचा पैसा. सून चुकली, म्हातारा बाप तेच तेच विचारू लागला, की आपण पहिल्या सेकंदाला शंभरवर! तिथं गिअर खाली आणता आला पाहिजे. बोलता येत असून गप्प राहणं, मारता येत असून हात आवरणं, हीच खरी मालकी.

आणि पोरांनो, मागं उभे आहात ना, तुम्हालाही सांगतो. कीर्तन संपलं की गाड्या काढाल. सावकाश जा. तुमची आई जेवायची थांबली आहे. दहा मिनिटं उशीर झाला तर ती रागावेल, ताट मात्र वाढेलच. ते ताट तसंच झाकून राहू देऊ नका.

रामकृष्ण हरी!