योजलेलें आणि घडलेलें



सारा जन्म शाळेंत उत्तरें सांगण्यांत घालविलेल्या माणसास एक खोड जडते. प्रश्न कोणताहि असो, उत्तर दिल्यावांचून त्यास राहवत नाहीं. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षीं वर्गांतील एक मुलगा तापानें वारला. त्याच्या वडिलांस भेटावयास गेलों व ओसरीवर बसतांच मी म्हणालों, "ही देवाची योजना. ती आपण मान्य केली पाहिजे." त्यांनीं मान वर करून शांतपणें विचारलें, "मास्तर, ती योजना तुम्हांस दिसली का?" मी निरुत्तर होऊन परतलों.

त्या प्रश्नाचा विचार करतां करतां मला संत फ्रान्सिस झेविअर यांचें चरित्र आठवलें. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनीं हिंदुस्थानाकरितां धर्मोपदेशक मागितले, तेव्हां इग्नेशियस लोयोला यांनीं रॉड्रिग्ज व बोबाडिला या दोघां सोबत्यांस नेमलें. झेविअर यांचें नांव त्यांत नव्हतें. ते रोममध्यें इग्नेशियस यांचा पत्रव्यवहार पाहत असत. १५४० च्या मार्चमध्यें, निघण्याची वेळ येऊन ठेपली असतां, बोबाडिला आजारी पडले व त्यांच्या जागीं झेविअर निघाले. पुढें लिस्बन येथें राजानें रॉड्रिग्ज यांस ठेवून घेतलें. ज्यांची निवड झाली ते दोघेहि मागें राहिले, आणि जो निवडलाच नव्हता तो ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला!

येथेंच थांबलों तर ईश्वरी योजना अगदीं उघड दिसते. परंतु चरित्र शेवटपर्यंत वाचलें पाहिजे. दहा वर्षांच्या श्रमानंतर, जपानपर्यंत जाऊन आल्यावर, झेविअर यांस चीनमध्यें प्रवेश करण्याची तळमळ लागली. परकीयांस तेथें मज्जाव होता. किनाऱ्याजवळच्या सांचिअन बेटावर, एका झोंपडींत, पलीकडे नेण्याचें कबूल केलेल्या व्यापाऱ्याची ते वाट पाहत राहिले. व्यापारी आला नाहीं. ताप मात्र आला. ३ डिसेंबर १५५२ रोजीं, शेहेचाळीस वर्षांचे असतां, त्यांनीं देह ठेवला. चीनच्या मुख्य भूमीस त्यांचे पाय लागले नाहींत.

त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला इटलींतील माचेराता येथें मात्तेओ रिच्ची यांचा जन्म झाला होता. पुढें येशूसंघांत प्रविष्ट होऊन, चिनी भाषा व ग्रंथ आत्मसात करून, ते १६०१ सालीं चीनच्या राजधानींत, बीजिंग येथें पोंचले. झेविअर यांस त्या दोन महिन्यांच्या अर्भकाची वार्ताहि नव्हती. त्यांस दिसत होता तो केवळ समुद्र.

तेव्हां श्रद्धा म्हणजे योजना दिसणें नव्हे. ती दिसत नसतां, आज वाट्यास आलेलें काम सोडून न देणें व ज्यानें आपणांस पाठविलें त्याचा हात न सोडणें, हीच श्रद्धा. आणि श्रद्धा दुःखास खोटेंहि म्हणत नाहीं. गेथसेमनी बागेंत खुद्द प्रभूनें तो प्याला टळावा म्हणून विनविलें. मगच पित्याच्या इच्छेपुढें मस्तक नमविलें. मी त्या घरीं नेमका उलटा वागलों होतों: विनवणीस अवसर न देतांच मस्तक नमविण्यास सांगितलें होतें.

कांहीं दिवसांनीं मी पुन्हां त्या घरीं गेलों. म्हणालों, "नाहीं, मला दिसली नाहीं." मुलाचे वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं सरकून आपल्या चटईवर मला जागा करून दिली. चर्चची सायंकाळची घंटा होईपर्यंत आम्ही तेथें बसलों, आणि मग दोघांनीं मिळून प्रार्थना केली.