शीतोष्ण यंत्रांचे कंत्राटदार व त्यांचे परवाने

कॅलिफोर्नियांत सॅक्रॅमेंटो येथें स्थायिक झालेल्या माझ्या भाचीनें गेल्या उन्हाळ्यांत घरांतील जुनी वातानुकूलन-यंत्रणा बदलावयाचें ठरविलें. दोघां कंत्राटदारांनीं दर पाठविले. दोघांच्याहि पत्रांवर ‘परवानाधारक’ हा शब्द ठळक छापलेला! “मग मामा, ज्याचा दर कमी त्यालाच काम देतें,” असें ती म्हणाली. मीं तिला आधीं परवान्यांचे क्रमांक ताडून पाहावयास सांगितलें.

स्वस्त दर देणाऱ्याचा परवाना खरा निघाला. परंतु तो सी-१० वर्गाचा, म्हणजे विजेच्या कामाचा होता. घर उबदार व थंड राखणाऱ्या यंत्रणेसाठीं त्या राज्यांत सी-२० हा निराळा वर्ग आहे. तो मिळण्यास मागील १० वर्षांत निदान ४ वर्षें त्याच धंद्यांत कुशल कारागिराच्या दर्जाचें काम केलेलें असावें लागतें.

तेव्हां परवाना आहे काय, एवढाच प्रश्न अपुरा होय. तो कोणत्या वर्गाचा, कोणाच्या नांवावर, आज चालू कीं स्थगित, हें राज्याच्या परवाना-मंडळाच्या नोंदींत कोणासहि विनामूल्य पाहतां येतें. तेथेंच हमीपत्राचीहि नोंद असते. १ जानेवारी २०२३ पासून ही हमी २५,००० डॉलरांची आहे. रक्कम मोठी वाटते खरी; पण ती एकाच घरासाठीं राखलेली नसते. फसलेले ग्राहक अनेक असले, तर सर्वांचा वाटा तींतूनच. त्याच दिवसापासून सी-२० धारकास, पदरीं नोकर असोत वा नसोत, कामगार-विमा सक्तीचा झाला. माळ्यावर चढलेला मजूर पडला, तर प्रकरण घरधन्यापर्यंत येऊं शकतें. म्हणून नोंदींतील ही ओळ मी तरी पहिल्यानें वाचतों.

शीतक वायु हाताळण्याचें, मध्यवर्ती सरकारच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्रहि पुष्कळदां पुढें करण्यांत येतें. तें आवश्यकच आहे. परंतु तें त्या कारागिराच्या ज्ञानापुरतें. कंत्राट घेण्याचा अधिकार त्यानें येत नाहीं.

स्वस्त कंत्राटदारानें निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती. गृहसुधारणेच्या करारांत सामान्यतः एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकीं जें कमी तेवढेंच आगाऊ घेण्याची तेथें मुभा आहे. भाचीनें ती रक्कम दिली नाहीं. दुसऱ्याचा सी-२० परवाना चालू होता, विमाहि होता. काम त्याला दिलें. मात्र त्याला सवड होईपर्यंत ऑगस्टचा उकाडा नऊ दिवस सोसावा लागला, आणि त्याचा सगळा राग तिनें मामावर काढला.