पंखा बोलतोय की डिस्क?

जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचा आवाज आणि त्यावरचे उपाय, असा विषय मला दिलाय. उपाय सांगणारच आहे. पण मिळालेल्या वेळात सगळं बसेल असं दिसत नाही, म्हणून जे राहून जाता कामा नये ते आधीच सांगून टाकतो. डब्यातून आवाज यायला लागला की तो पंख्याचा आहे की हार्ड डिस्कचा, एवढं पहिल्यांदा ओळखा. पंख्याचा असेल तर रविवारी सवडीनं बघा. डिस्कचा असेल तर रविवारची वाट बघू नका. हातातलं काम तसंच ठेवा आणि फायलींची कॉपी काढा. तेल, ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळं त्यानंतर.

हे एवढ्या घाईनं का सांगतोय? सांगलीच्या मार्केट यार्डातलं एखादं अडत दुकान डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याच्या हळदीची पट्टी, व्यापाऱ्याची उधारी, हमालीचा हिशेब, सगळं एका जुन्या डब्यात. कोरेगाव-फलटणकडच्या दूधसंस्थेत सकाळ-संध्याकाळची लिटरं आणि फॅट, तीही तशाच एका डब्यात. पतसंस्था, शाळेची कॉम्प्युटरची खोली, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे तेच. २००१ मध्ये एमकेसीएल निघाली, मग कॉम्प्युटर शिकवणारे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव सुरू झाले, आणि त्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी, दुकानोदुकानी डेस्कटॉप आले. त्यांतले कितीतरी अजून चालतात. चालू द्या. टॅली उघडतंय, बिलं निघतायत, तर नवीन मशीनला पैसे घाला असं मी मुळीच म्हणणार नाही. मात्र जुनं मशीन ठेवायचं तर त्याचा आवाज ओळखायला शिकलंच पाहिजे.

त्यासाठी जरा मिरजेला जाऊ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. तिथं सतारमेकरांकडे मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेले वाळलेले भोपळे असतात. तीच तार नुसती दोन खिळ्यांत ताणून छेडा, शेजारी बसलेल्याला धड ऐकू यायची नाही. ती भोपळ्यावरच्या तबलीवर चढली की अख्खी खोली भरते. कंप तारेचा, पण तो मोठा होतो भोपळ्यामुळे. आपला कॅबिनेट हा पत्र्याचा भोपळा आहे. आत हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिचा स्वतःचा आवाज बारीक असतो. पण ती चार स्क्रूंनी पत्र्याला आवळलेली, पत्रा टेबलावर टेकलेला, टेबल लाकडाचं आणि आतून पोकळ. सगळं मिळून घुमतं. १२० कंपनांचा हा सूर खर्जातल्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो. गाणाऱ्या माणसाला तो लगेच सापडेल. काही डब्यांत दोन डिस्क असतात. दोन्हींचा वेग कागदावर सारखा, प्रत्यक्षात किंचित फरक. मग जोडाच्या दोन तारा पुरत्या जुळल्या नाहीत की सूर जसा हेलकावतो, तसा तो डबा वँऽव वँऽव करत राहतो. याला घाबरू नका, हा बिघाड नाही. आणि कडेचं झाकण सैल असलं की त्या घुमण्यावर पत्र्याची झणझण चढते. तंबोऱ्याला जवारी हवी, डब्याला नको. झाकणाचे स्क्रू आवळा, निम्मी झणझण तिथंच जाईल.

सतारमेकर भोपळा हलका आणि कोरडा निवडतो, तो बोलावा म्हणून. आपल्याला हा भोपळा मुका करायचाय. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचे वायसर घाला. डब्याच्या चारी पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा, किंवा जाड रबरी चटई. डबा टेबलावरून खाली घ्यायचा तर थेट फरशीवर नको, वीतभर उंच स्टुलावर ठेवा, म्हणजे झाडूची धूळ आत ओढली जाणार नाही. एवढ्यानं घुमणं पुष्कळ उतरतं.

पण घुमणं उतरलं म्हणून निश्चिंत होऊ नका. माझा मुद्दा तोच आहे. चार तारांतली कुठली उतरलीय हे ज्याला कळतं, तोच तंबोरा जुळवतो. इथंही कुठला आवाज बिघडलाय ते कळायला हवं. पंखा घरघरतो. सातारा-महाबळेश्वरकडे थंडीत सकाळी मशीन सुरू केलं की मोठ्यानं घरघरतो आणि पाच-दहा मिनिटांत निवतो, म्हणजे त्याच्या बेअरिंगमधलं तेल सुकलंय. टर्रर्र असा सलग आवाज असेल तर बहुधा एखादी वायर पात्यांना घासतेय, ती बाजूला करून बांधा. अजूनही शंका असेल तर झाकण काढा आणि चालू पंख्याच्या मधल्या गोल भागावर क्षणभर बोट टेकवा. पात्यांना नव्हे, मधल्या भागावर. आवाज थांबला तर चोर सापडला.

आता डिस्क. फाइल उघडताना बारीक करकर येते, ती तिच्या आतल्या हाताची ये-जा आहे, ती चालायचीच. वाईट आवाज वेगळा. टक, टक, टक, एका ठेक्यात. मग थोडं थांबून पुन्हा टक, टक. त्या वेळी स्क्रीन अडकलेला असतो, माउसचं चक्र फिरत राहतं. आतला हात आपली जागा शोधतोय, त्याला ती सापडत नाही, म्हणून तो मागं येऊन पुन्हा शोधतोय. किंवा डिस्क वेग घेते, बंद पडते, पुन्हा वेग घेते. किंवा कींऽऽ असा बारीक किंकाळीसारखा आवाज निघतो. यांतलं काहीही ऐकू आलं की आधी कॉपी. कधी कधी दोष एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाचा निघतो, कधी सैल केबलचा. निघू दे. दोष कुणाचा ते नंतर ठरवू, कॉपी आधी.

आणि इथं मला थोडं रागवायचंय. डबा आवाज करायला लागला की त्याला थापटी मारायची सवय आपल्याकडे फार आहे. पंख्याची घरघर थापटीनं थांबते, म्हणून हात सवयीनं उठतो. कृपा करून मारू नका. चालू डिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीवर तरंगत असतं, आणि त्या दोघांमधली फट केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. तुमची थापटी पंख्यासाठी असली तरी पोचते डिस्कपर्यंत. टोक तबकडीवर आपटलं की तिथला थर खरवडतो आणि वर्षाच्या पट्ट्या गेल्या.

टकटक करणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग चालवू नका, फॉरमॅट करू नका, स्कॅन लावून घरी जाऊ नका. या सगळ्यानं तिला आणखी पळावं लागतं. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला: टॅलीचं फोल्डर, दूधसंस्थेचा डेटा, मुलांचे फोटो. सिनेमे आणि गाणी राहू द्यात. डिस्क दिसतच नसेल तर मशीन बंद करा आणि चालू-बंद, चालू-बंद करत बसू नका, जाणत्या माणसाकडे न्या. आणि कॉपी त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. २००५ मध्ये आणि २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा ज्यांचा डबा आणि कॉपी एकाच दुकानात होती, त्यांचं दोन्ही भिजलं. एक कॉपी घरी, वरच्या मजल्यावर.

बरं, पंख्याचे उपाय. आपल्याकडची धूळ साधी नाही. यार्डात हळदीची भुकटी उडते, तिच्यात तेल असतं, ती पात्यांना चिकटते आणि नुसत्या फुंकरीनं निघत नाही. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीची आणि जाळलेल्या पाचटाची काजळी येते. दुकानात रोजची उदबत्ती डब्याशेजारीच लागते, तिचा धूर चिकट असतो. उदबत्ती लावा, पण चार हात लांब. पात्यांवर धूळ एका बाजूला जास्त बसली की तोल जातो, पंखा थरथरतो, आणि हीटसिंकच्या फटी बुजल्या की मशीन तापून पंखा आणखी जोरात पळतो. तेव्हा मशीन बंद करा, प्लग काढा, रंगाच्या मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर लावायचा तर पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा भिरभिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या हवेत पाणी असतं, ती नको.

तेलाचं सांगतो. पंख्याच्या मधलं स्टिकर अर्धं सोलून बघा. खाली रबरी बूच असेल तर ते काढून शिलाई मशीनचं तेल एक थेंब, फार तर दोन. खोबरेल नको. साताऱ्याच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे तुम्हाला मी सांगायला नको, तेच बेअरिंगमध्ये होईल, आणि उन्हाळ्यात त्याला धूळ धरेल. बेअरिंगच झिजलं असेल तर तेल थोडेच दिवस टिकतं, पंखा बदला. बदलताना जागा असेल तर ८० मिलिमीटरऐवजी १२० चा घ्या. तो हळू फिरूनही तेवढीच हवा देतो. पंख्याची गती निम्मी झाली की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. बायोसमध्ये पंख्याची गती कमी ठेवायची सोय बऱ्याच बोर्डांवर असते, तिथं जाऊन… समोरून खूण झालीय. ते राहू दे.

एसएसडीबद्दल बोलायलाच हवं. जुन्या डब्यात हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली की डिस्कचा आवाज पूर्ण जातो, कारण आत फिरणारं काहीच नाही. मशीनही चटकन सुरू होतं. हा उपाय मी सगळ्यांना सांगतो. पण नीट ऐका. हार्ड डिस्क पुष्कळदा जाण्यापूर्वी टकटक करून सांगते. एसएसडी काही न बोलता एका सकाळी बंद पडू शकते. म्हणजे जिथं आवाज उरला नाही, तिथं कॉपी जास्त नियमानं काढायची. यार्डात दर शनिवारी हिशेब बंद करताना काढा, दूधसंस्थेत बिलांच्या दिवशी काढा.

काही जुन्या डिस्कना आवाज कमी करायची सेटिंग असायची, ते आज राहिलं. एसएमपीएसच्या पंख्याचं मात्र एका वाक्यात सांगतोच. तो पेटीसारखा भाग घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून असते. तो पंखा घरघरला तर भाग दुकानात न्या किंवा पूर्ण नवा घाला. पण त्याआधी झाकणाला कान लावून ऐका, टकटक नाही ना. असेल तर आधी कॉपी.