एसच्या मुलखातून परत येताना

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला लाप्लास रूपांतर भेटते ते कोष्टकातून. डावीकडे फलन, उजवीकडे त्याचे रूपांतर. गणित सोडवायचे, कोष्टक उलटे वाचायचे, उत्तर लिहायचे. हे उलटे वाचणे म्हणजे व्यस्त लाप्लास रूपांतर. पण कोष्टक उलटे वाचता येते हे कशावरून? वर्गात हा प्रश्न बहुधा राहूनच जातो, आणि माझ्या मते सगळे सौंदर्य तिथेच आहे.

काळानुसार बदलणारा विजेचा प्रवाह घ्या. त्याचे रूपांतर केले की काळ, म्हणजे टी, जातो आणि एस येतो. अवकलनाच्या जागी एसने केलेला गुणाकार उरतो. सुरुवातीची किंमत तेवढी वजा करायची. अवघड अवकल समीकरण शाळेतल्या बीजगणिताने सुटते. उत्तर येते, समजा, अंश एक आणि छेद एस अधिक दोन. पण प्रवाह एसमध्ये वाहत नाही, काळात वाहतो. परत आल्यावरच कळते की तो ईच्या उणे दोन टी घाताने विझत जातो.

ही ये-जा धिटाईने केली ती ऑलिव्हर हेविसाइडने. तार कंपनीत काम केलेला, विद्यापीठात कधीच न शिकलेला हा इंग्रज अवकलनाच्या चिन्हाला साधे अक्षर समजून त्याने भागाकार करी, आणि उत्तरे बरोबर येत. रॉयल सोसायटीने १८९१ साली त्याला फेलो केले, पण या पद्धतीवरच्या त्याच्या लेखाचा तिसरा भाग १८९४ साली नाकारला. सिद्धतेचा आग्रह रास्त होता. लेख न छापणे मला आजही अन्यायाचे वाटते. १९१६ साली ब्रॉमविच यांनी संमिश्र संख्यांच्या प्रतलात एका उभ्या रेषेवर समाकल घेऊन त्या रीतीला पाया दिला. त्याआधीच, १९०३ मध्ये, चेक गणिती लर्ख यांनी सिद्ध केले होते की दोन संतत फलनांचे रूपांतर एकच असेल, तर ती फलनेही एकच असतात. कोष्टक उलटे वाचण्याचा हक्क आपल्याला या प्रमेयाने मिळतो.

तरीही परत येणे नाजूक असते. साइन हजार टी ही लाट घ्या. तिची उंची पूर्ण एक, पण एसच्या कोणत्याही धन किमतीला तिचे रूपांतर एक हजारांशाच्या वर जात नाही. मोजमापात तेवढी चूक झाली, तर अख्खी लाट तिच्यात दडते.

खडकातल्या पाण्याचा चुंबकीय संकेत मोजणाऱ्यांना हे रोज भोगावे लागते. लहान छिद्रांतला संकेत लवकर विझतो, मोठ्यांतला सावकाश. हाती येते ती या सगळ्या संकेतांची बेरीज. त्या बेरजेतून कोणत्या आकाराची छिद्रे किती, ही वाटणी काढायची, तर व्यस्त रूपांतरच करावे लागते. मोजणीतला गोंगाट उत्तर उधळून लावतो. म्हणून उत्तर गुळगुळीत असावे अशी अट वरून घालतात. अट सैल ठेवली तर वाटणीच्या आलेखात खोटी शिखरे उगवतात. फार आवळली तर जवळजवळची दोन खरी शिखरे एक होऊन जातात.