आमच्या फळ्याची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही फळ्यावर रोज लिहिता, तर यंदा त्या फळ्याविषयीच दोन शब्द बोला." मी म्हटले, लिहिणे निराळे आणि बोलणे निराळे. फळ्यावर चुकले तर ओल्या फडक्याने पुसता येते, बोललेले कसे पुसायचे? त्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही कुठे पुसलेत? चुकलात तेव्हाही पुसले नाहीत." तेव्हा त्या चुकीची हकीकतच आज सांगावी, असे ठरवून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरच्या गावी पुढे शाळा नव्हती आणि तालुक्याला मुलीला रोज एकटी कशी धाडायची, म्हणून ते तिथेच राहिले. गुरुजींनी अक्षर तेवढे घोटून घेतले होते. तीच माझी शिदोरी.

दत्ताच्या देवळाच्या भिंतीवरचा आपला फळा जुनाच आहे. पूर्वी त्यावर हळदीकुंकवाची वेळ, भिशीचा दिवस, शिवणवर्गाची सुट्टी एवढेच असे. २०२२ साली आपल्या आळीला चार दिवस पाणी आले नाही. आम्ही पाचसहाजणी हंडे घेऊनच नगरसेवकांच्या दारी गेलो. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मुदत संपली, आता मी माजी. प्रशासकांना विचारा." प्रशासक म्हणजे कोण, ते बसतात कुठे, आमच्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघी जणी नगरपालिकेत गेलो, तीन खिडक्या हिंडलो, आणि संध्याकाळी मी फळ्यावर लिहिले : "नगरपालिकेत सध्या निवडून आलेले कोणी नाही. कारभार प्रशासक पाहतात. पाण्याची तक्रार लेखी द्यावी, पोच मागून घ्यावी, पोच दिल्याशिवाय खिडकी सोडू नये." शेवटचे वाक्य माझ्या पदरचे.

त्या दिवशी देवळात आलेली पुरुषमंडळीही थांबून वाचू लागली. एका आजोबांनी निरोप धाडला, की अक्षर जरा मोठे काढा. मला फार आनंद झाला, लपवीत कशाला?

मग लोक विचारू लागले, निवडणुका का होत नाहीत? मीही विचारीत सुटले. वर्तमानपत्र वाचून, आपल्या वाचनालयाच्या बाईंना विचारून जे कळले ते थोडे थोडे लिहीत गेले. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा किती असाव्यात आणि प्रभाग कोणी व कसे पाडावेत, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पडून होता. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि तिथे प्रशासक बसले. २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे चाक हलले. नगरपालिकांचे मतदान बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ ला झाले आणि मोजणी २१ डिसेंबरला. म्हणजे वाद मुंबईचा आणि दिल्लीचा, पण हंडा रिकामा आपला. हे मला सातवीत कोणी शिकवले नव्हते. नळाने शिकवले.

येथे काही भगिनींना वाटते, आणि त्यांनी ते तोंडावर सांगितले हे चांगले केले, की बायकांच्या मंडळाने राजकारण करू नये. आमच्या सासूबाईंचेही हेच म्हणणे होते. त्या म्हणत, "चुलीतले निखारे थोडे का आहेत, की बाहेरचे ओढतेस?" मी त्यांना उलट बोलले नाही. पण रेशनच्या दुकानात गहू येतो की नाही, शाळेच्या मोरीला दार आहे की नाही, हे जर राजकारण असेल तर ते आपल्या चुलीशी केव्हाच येऊन बसले आहे.

वाचनालयाच्या बाईंनी मला एक पुस्तक दिले. त्यात वाचले, की १८४८ पासून लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, 'प्रभाकर' पत्रात पत्रे लिहीत आणि आपल्याच लोकांचे दोष दाखवीत. ते झाले सरकारी अधिकारी, विद्वान मनुष्य. पण १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले ते शेतकऱ्यां-कामकऱ्यांसाठी. आणि पुढे तेच पत्र तानूबाई बिर्जे नावाच्या बाईंनी, यजमान वारल्यावर, स्वतः चालवले. अग्रलेख लिहिले. शंभराहून अधिक वर्षे झाली या गोष्टीला! भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि ते तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून कितीतरी वर्षे चालवले. खेड्यातून छापखाना चालवणे म्हणजे काय कष्ट असतील! आपल्याला तर खडूचा एक डबा पुरतो. तानूबाईंचे नाव वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षे हे नाव आपल्याला कोणी सांगितले कसे नाही?

असो. विषय सोडून चालले मी.

२०२४ साली लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १५०० रुपये. त्या वेळी फळ्यावर अटी लिहिल्या, वय २१ ते ६५, घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, कागद कोणते. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले. पण थोड्या दिवसांनी गटाराविषयी लिहिले, तर तीनचार जणी माझ्याकडे आल्या. "तुम्ही असे लिहाल आणि आमचे पैसे बंद होतील." ही भीती खोटी म्हणून मी झिडकारणार नाही. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसा दिसला, तिला ती वाटणारच. मी फळ्यावर एवढेच लिहिले, की हा पैसा सरकारच्या निर्णयाने, सरकारच्या तिजोरीतून येतो, कोणा पुढाऱ्याच्या खिशातून नाही, आणि गटाराची मापे काढल्याने तो थांबावा अशी अट त्या निर्णयात कुठेही नाही. तरी दोघींनी मंडळात येणे कमी केले ते केलेच.

आता गटार. आपल्या आळीत गटाराचे काम झाले, पण पाणी पूर्वीसारखेच देवळापुढे साचे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. साध्या कागदावर अर्ज, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्ज मीच लिहिला. चार वेळा खोडला, मुलाने दोन शब्द सुधारले. उत्तर आले, प्रतीला पानामागे दोन रुपये भरून कागद आणले. त्यात लांबी लिहिली होती १२० मीटर. आपल्या शिवणवर्गाची टेप दीड मीटरची. वाळत घालायच्या दोरीवर दहा टेपा मोजून गाठ मारली, म्हणजे झाली पंधरा मीटरची दोरी. सकाळी सहाला आम्ही चौघी निघालो. एक दोरी धरी, एक खडूने खूण करी, एक कुत्री हाकली. दोरी पाच वेळाही पुरती पडली नाही. भरले ७१ मीटर.

त्याच संध्याकाळी मी लिहिले : "कागदावर १२०. जमिनीवर ७१. उरलेले ४९ मीटर कुठे आहे?"

रात्री आमच्या पिठाच्या गिरणीवर एक गृहस्थ आले. दळण नव्हते त्यांच्याकडे. यजमानांना म्हणाले, "वहिनींचे अक्षर सुरेख आहे हो. गिरणीचा परवाना कधी संपतो तुमचा?" यजमान घरी आले, हातपाय धुतले, जेवले. एक शब्द नाही. पान उचलताना मला एवढेच म्हणाले, "मोजणी पक्की आहे ना?" मी म्हटले, "पक्की."

तिसऱ्या दिवशी रात्री कंत्राटदारांच्या घरच्या वहिनी माझ्या दारात आल्या. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद त्या, माझ्या थोरल्याच्या बाळंतपणात आठ दिवस डबा आणलेल्या. मी पाट मांडला, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मागच्या बोळातले मोजलेत का?" मी गप्प. काम मागच्या बोळातही होते, हे कागदाच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते आणि मी पहिलेच पान वाचले होते. दुसऱ्या पानाचे दोन रुपये भरले आणि ते वाचले मात्र नाही!

पहाटे पुन्हा दोरी काढली. बोळात २६ मीटर गटार होते, नवे, चांगले बांधलेले. ७१ आणि २६ मिळून ९७.

त्या दिवशी मंडळाच्या खोलीत फार वाद झाला, तुमच्यांतल्या कित्येक जणी तिथे होत्या. कोणी म्हणाले, हळूच आकडा पुसून नवा घाला. कोणी म्हणाले, काहीच लिहू नका, लोक हसतील आणि राहिलेले २३ मीटरही बुडतील. मला रडू आले होते. यजमानांना "पक्की" म्हणून सांगून बसले होते ना! आधी गिरणीवर जाऊन त्यांना सांगितले. ते पिठाने पांढरे झालेले, तसेच ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग जा, लिहून ये." मी लिहिले, आधी लिहिले होते तेवढ्याच मोठ्या अक्षरात : "आम्ही चुकलो. मागच्या बोळातले २६ मीटर मोजायचे राहिले होते. एकूण ९७ भरते. कागदावर १२०. फरक २३ मीटर." आणि जुना मजकूर वर तसाच ठेवला. आठ दिवस ठेवला.

लोक हसले. देवळापुढे उभे राहून मोठ्याने वाचून हसले. पण एक गोष्ट झाली. नगरपालिकेचे अभियंते साहेब आले, टेप घेऊन, आणि आमच्यासमोर मोजले. ९७ भरले, अर्ध्या वीतेचाही वाद झाला नाही. मे महिन्यात पुन्हा मजूर आले आणि आणखी २१ मीटर गटार झाले. परवान्याचे पुढे कोणी विचारले नाही.

त्या वहिनी मात्र मंडळात परत आल्या नाहीत. त्यांची मुलगी शिवणवर्गाला येते, माझ्याशी बोलते, आईचे विचारले की "बरी आहे" म्हणते. संक्रांतीला मी वाण घेऊन गेले, त्यांनी घेतले, दारातच घेतले. त्यांनी येऊन मला माझी चूक सांगितली नसती तर मी खोटे लिहून बसले असते, हे मी येथे सर्वांसमक्ष सांगते. आज त्या येथे नाहीत, तरी त्यांच्या कानावर जावे.

निवडणूक आली तेव्हा आपण ठरवले, की कोणाला मत द्या हे फळ्यावर लिहायचे नाही. उमेदवारांना चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरे जशीच्या तशी लिहायची. पाणी, कचरा, शाळेची मोरी, आणि नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत लोकांना वाचायला मिळेल काय. २०११ पासून आपल्या राज्यात या संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. आपल्या प्रभागातून तीन बायका उभ्या होत्या. आम्ही एकीच्या घरी गेलो तर त्या चहा करायला आत गेल्या आणि उत्तरे यजमानांनी दिली. मी लिहिले : "उत्तरे उमेदवारांच्या पतींनी दिली." एवढेच. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः फळ्यापाशी आल्या, म्हणाल्या, "आता मला विचारा." आणि काय सांगू, पाण्याच्या टाकीविषयी त्यांना यजमानांपेक्षा अधिक ठाऊक होते! तेही लिहिले. त्या निवडून आल्या की पडल्या ते तुम्हांला माहीतच आहे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावरचे तेज मी पाहिले आहे.

आज दुपारच्या सभेत ठराव येणार आहे, की फळ्यावर केवळ मंडळाचे कार्यक्रम लिहावेत. ज्यांनी तो आणला त्या माझ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांच्या घरीही कोणीतरी "परवाना कधी संपतो" असे विचारून गेले असेल. त्यांनी मनमोकळेपणाने बोलावे, मी वाईट वाटून घेणार नाही. ठराव मंजूर झाला तर मी हळदीकुंकवाची वेळही चांगल्या अक्षरात लिहीन.

नामंजूर झाला तर मात्र एक अडचण आहे. देवळामागचे दोन मीटर गटार अजून बाकी आहे आणि ते मी दर सोमवारी फळ्यावर लिहिते. येत्या सोमवारी मी माहेरी जाणार आहे, भाच्याचे लग्न आहे. खडूचा डबा पुजारीकाकांकडे असतो, दोरी शिवणवर्गाच्या कपाटात. त्या दिवशी कोण लिहील ते आजच मला सांगावे. अक्षर कसेही असले तरी चालेल, पण त्या आजोबांसाठी जरा मोठे काढावे.